सोलापुरात एक दिवस: सकाळी माळरान, दुपारी भाकरी, संध्याकाळी वाइन

बाहेरगावच्या माणसाला सोलापूर म्हटलं की चादर, सिद्धेश्वर आणि ऊन एवढंच आठवतं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करताना मधे एक रात्र मुक्काम, सकाळी शेंगा चटणीचं पाकीट घेऊन पुढची गाडी. याच गावात एका दिवसात काळविटांचा कळप बघता येतो, चुलीवरची भाकरी खाता येते आणि संध्याकाळी द्राक्षमळ्यात बसून तिथंच तयार झालेली वाइन चाखता येते, हे सांगितलं की लोकांना चेष्टा वाटते. पाहुण्यांना हा फेरा घडवून घडवून त्यातल्या खाचाखोचा मला पाठ झाल्या आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून त्या इथे क्रमाने मांडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचा क्रम असाच का, ते कळेल. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीप्रमाणे. पाऊस कमी, म्हणून इथे जंगलाऐवजी गवताळ माळ. पाऊस कमी, म्हणून ज्वारी आणि भुईमूग. हवा कोरडी, म्हणून द्राक्ष. दिवसभरात जे बघाल, खाल आणि प्याल, ते सगळं या कोरडेपणातून आलेलं आहे. हिरवागार निसर्ग बघायच्या अपेक्षेने येणार असाल तर कोकणात जा.

१. तारीख आधी ठरवा, गाडी नंतर

उत्तम काळ म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. थंडीत आलेले पाहुणे पक्षी अजून माळावर असतात, हुरडा संपत आलेला असला तरी मिळतो आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी सुरू झालेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरही चांगले, फक्त तेव्हा मळ्यात घड कोवळे असतात. मार्चनंतर ऊन चढतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि सकाळी नऊनंतर माळावर उभं राहवत नाही. पावसाळ्यात माळ देखणा दिसतो, पण काळी माती बुटाला आणि टायरला अशी चिकटते की गाडी ढकलण्यातच सकाळ जाते.

काही तारखा टाळाच. मकरसंक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा असते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. बघण्यासारखी आहे, पण ती बघायला वेगळे या. त्या दिवसांत शहरात लॉजची खोली मिळणं अवघड आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते बंद. आषाढीच्या आधीच्या आठवड्यात अकलूज-पंढरपूर पट्ट्यात पालख्या असतात, तेव्हा गाडी घेऊन त्या बाजूला जाऊच नका.

नवख्या माणसाच्या लक्षात न येणारी अडचण म्हणजे ड्राय डे. २६ जानेवारी, ३० जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी या दिवशी वाइन मिळणार नाही. निवडणूक असेल तर मतदान संपेपर्यंतचे ४८ तास त्या भागात बंदी असते. जोडून सुट्टी बघून लोक नेमकी २६ जानेवारी धरतात आणि शंभरावर किलोमीटर जाऊन द्राक्षाच्या वेली बघून परततात.

२. आदल्या रात्री सोलापुरात पोचा

हा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची वाटते, पण ती सकाळी पोचते तोवर माळावरची उत्तम वेळ निघून गेलेली असते. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळची वंदे भारत किंवा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस घ्या, रात्री सोलापूर. वेळापत्रक बदलत राहतं, तिकीट काढताना बघून घ्या. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर पुणे-सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटर आहे आणि रस्ता चांगला आहे.

मुक्काम स्टेशनजवळ किंवा बार्शीच्या रस्त्याला सोईचा पडेल असा बघा. दिवसभरासाठी गाडी ठरवताना ड्रायव्हरला पूर्ण मार्ग आधीच सांगा: पहाटे नान्नजचं माळरान, दुपारी शहर, मग वाइनसाठी अकलूज. "लोकल फिरायचंय" एवढंच सांगितलंत तर दुपारी अकलूजचं नाव काढल्यावर भाड्यावरून वाद ठरलेला.

३. दोन फोन आणि एक पिशवी

पहिला फोन सोलापूरच्या वनविभागाला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात कुठल्या भागात जाता येतं, शुल्क किती, वाटाड्या मिळेल का, हे आधी विचारून घ्या. नियम हंगामाप्रमाणे बदलतात. दुसरा फोन वायनरीला, म्हणजे अकलूजजवळच्या "फ्राटेली" या वाइन बनवणाऱ्या मळ्याला. तिथे न कळवता जाऊन उभं राहणं उपयोगाचं नाही. मळ्यातली फेरी, टेस्टिंग आणि जेवण यांची वेळ ठरवून घ्यावी लागते आणि शनिवार-रविवारी गर्दी असते.

पिशवीत हे असू द्या:

- आधार कार्ड किंवा लायसन्स, प्रत्येकाचं. वाइनसाठी वयाचा पुरावा मागतात आणि वनविभागाच्या नोंदीलाही ओळखपत्र लागतं.
- वायनरीच्या बुकिंगचा मेसेज. स्क्रीनशॉट काढून ठेवा, शिवारात रेंज जाते.
- सुटे पैसे.
- दुर्बीण, ८ बाय ४२ असेल तर उत्तम. दोघांत एक चालेल, चौघांत एक चालणार नाही.
- पूर्ण पँट आणि बंद बूट. कुसळी गवत मोज्यात शिरलं की दिवसभर टोचतं.
- मातकट किंवा फिक्या रंगाचे कपडे, टोपी आणि एक स्वेटर. दुपारच्या उन्हाकडे बघून स्वेटर घरी ठेवू नका, जानेवारीतल्या पहाटे माळावर दात वाजतात.
- माणशी दोन लिटर पाणी आणि थोडा कोरडा खाऊ.

ड्रोन आणू नका. अभयारण्यात चालत नाही.

४. पहाट: नान्नजचं माळरान

शहरातून सव्वापाचला निघा. बार्शी रस्त्याने नान्नज साधारण वीस किलोमीटर आहे. उजाडायच्या आत तिथे असायचं, कारण खरा खेळ सूर्योदयानंतरच्या दोन-अडीच तासांचा.

या अभयारण्याची घोषणा १९७९ साली झाली, ती माळढोकासाठी. कागदावर तेव्हा त्याचा विस्तार तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार करणं मुश्कील झालं आणि पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. प्रत्यक्ष राखलेलं गवत त्यातही थोडं. चारी बाजूंनी ऊस, द्राक्ष, डाळिंब आणि वस्त्या, आणि मधेमधे गवताचे तुकडे: नान्नजचा माळ हे आज खरोखर एक बेट आहे. मी पाहुण्यांना तसंच सांगतो. म्हणजे हद्दीवरच्या पाटीपासून आत काय जपायचं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

माळढोक दिसेल म्हणून येऊ नका. देशभरात मिळून दीडशेच्या आत पक्षी उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. इथे त्याचं दर्शन ही आता बातमी असते. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो आणि बहुधा एकच. समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आपटून मरतो. पूर्वी माळाच्या कडेला ज्वारी-भुईमुगासारखी बुटकी कोरडवाहू पिकं होती, त्यात तो वावरायचा. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, पुढे पाणी आलं, विहिरी-बोअर वाढल्या आणि पिकं बदलली. उसात माळढोक राहत नाही. संध्याकाळी वाइनचा पेला हातात घ्याल तेव्हा हेही ध्यानात असू द्या: या जिल्ह्यात द्राक्ष पिकवणारं पाणी आणि माळढोकाचं नाहीसं होणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शेतकऱ्याला दोष द्यायला मी तयार नाही. दुष्काळात दिवस काढलेल्या माणसाने हातात आलेलं पाणी पिकाला द्यायचं नाही, असं कोण सांगणार?

मग दिसतं काय? बरंच.

काळवीट तर दिसतातच. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगं; माद्या आणि पिल्लं तपकिरी. कळप दिसला की गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि आतच बसा. उतरलात की कळप उधळतो. एकटा नर एकाच जागी उभा दिसला तर घाई करू नका, ती त्याची राखलेली हद्द असते. शेजारचा नर आला तर मान वर करून चालत येण्याचा त्याचा तोरा बघायला मिळेल.

लांडगा बघणं नशिबाचा भाग. पहाटेच्या अंधूक उजेडात माळाच्या कडेने एका लयीत चालत जाणारं उंच पायांचं, शेपूट खाली सोडलेलं जनावर दिसलं तर ते कुत्रं असेलच असं धरू नका. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना लांडग्यांचं जाणं-येणं नेमकं माहीत असतं. त्यांच्याशी नीट बोला, पण "बिळापाशी घेऊन चला" असं कुणाला म्हणू नका, कुणी आपणहून नेतो म्हणालं तरी जाऊ नका. पिल्लांच्या जागी माणसांचा राबता वाढला की मादी जागा बदलते. खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, मात्र सकाळच्या उन्हात बिळाबाहेर बसलेलं दिसतं आणि जरा अंतर राखलंत तर बसून राहतं.

पक्ष्यांसाठी एक युक्ती सांगतो. नवखे लोक सगळा माळ पिंजून काढतात आणि थकतात. त्याऐवजी आठच्या सुमाराला एखाद्या पाणवठ्यापासून लांब, गाडीत शांत बसा. पखुर्डीचे थवे साधारण त्या वेळेला पाण्यावर येतात. आधी आवाज येतो, मग थवा घिरटी घालून उतरतो, घाईघाईने पाणी पितो आणि जातो. पिल्लांच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि ते पाणी कोसभर लांब पिल्लांपर्यंत नेतो. थंडीत गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे मोठे पक्षी म्हणजे भोवत्या. मध्य आशियाकडून येतात, रात्री जमिनीवरच गवतात झोपतात. याशिवाय चंडोलाच्या जातभाईंपैकी मुरारी आणि डोंबारी, धाविक, माळटिटवी, नीलपंख, सापमार गरुड. पावसाळ्यात कधीकाळी तणमोर यायचा. आता त्याचंही माळढोकासारखंच झालं आहे.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटोसाठी गाडी गवतात घालणं. माळावरच्या किती तरी पक्ष्यांची घरटी म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, अंडी मातीच्या रंगाची. तुम्हाला ती दिसणार नाहीत, टायरखाली जातील. रस्ता सोडायचा नाही. आणि काळवीट हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्याच्या मागे गाडी पळवणं हा गुन्हा आहे, गंमत नाही.

साडेनऊला माळ सोडा. नंतर राहून उन्हाशिवाय काही मिळत नाही.

५. परतताना एखादी द्राक्षबाग

फेब्रुवारी ते एप्रिल नान्नज परिसरात द्राक्षांचा हंगाम असतो. "सोनाका" आणि काळी "शरद सीडलेस" या जाती याच गावात, नानासाहेब काळे यांच्या बागेत निघाल्या. बागायतदाराला विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. औषध फवारलेलं असतं आणि तुमच्या चपलेबरोबर रोगही आत जातो. रस्त्यालगत विकायला बसलेले असतात, त्यांच्याकडून घ्या आणि भरपूर पाण्याने धुऊन खा.

जाता जाता मांडव बघून ठेवा. खाण्याच्या द्राक्षाला विरळणी करतात, मणी फुगावा म्हणून घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवतात. संध्याकाळी जी द्राक्षं दिसतील ती बारीक, जाड सालीची आणि बियांची. दोन्ही एकाच दिवशी बघितली की फरक कुणी समजवायची गरज पडत नाही.

६. शहर: तळं आणि ताट

साडेदहापर्यंत शहरात. सिद्धेश्वर मंदिर तलावाच्या मध्यावर आहे, शेजारी भुईकोट किल्ला. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. ऊन तापायच्या आत जा, दुपारी अनवाणी पायांना फरशी सोसत नाही. तलावावर पाणकावळे असतातच, दुर्बीण गळ्यात असेल तर पाच मिनिटं थांबा. अर्धा तास पुरे.

मग जेवण. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशी चार स्वयंपाकघरं आहेत. पूर्व भागातल्या विणकर घरांत अंबाडीची पुंटीकुरा शिजते, लिंगायत घरांत सणाला गव्हाची हुग्गी, सावजी समाजाच्या खानावळींत झणझणीत मटण. एका दुपारी सगळं होणार नाही, हट्ट धरू नका. पहिल्यांदा येणाऱ्याने भाकरीचं जेवण घ्यावं, असं माझं मत.

खानावळीत "कडक की मऊ?" असं विचारतील. मऊ भाकरी तव्यावरून थेट ताटात. कडक भाकरी पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली. कोरडी ठेवली तर महिनोन् महिने टिकते. ती तशीच कुरतडत बसू नका. चुरून आमटीत टाका, दोन मिनिटं थांबा, मग खा. ज्वारी बहुधा मालदांडी असते. मालदांडी ३५-१ हे वाण इथल्याच मोहोळच्या केंद्रात निवडलेलं आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. भाकरीबरोबर भरलं वांगं, पिठलं, ठेचा आणि शेंगांची आमटी मागा. बाजार आमटी मिळाली तर सोडू नका: चार-पाच डाळी एकत्र शिजवून काळ्या मसाल्याची फोडणी, वर तेलाचा तवंग. आठवडी बाजाराला आलेल्या गड्यांनी रूढ केलेला हा पदार्थ करमाळा-माढ्याकडे विशेष चालतो.

हुरड्याच्या दिवसांत आलात तर दुपारचं जेवण रद्द करून हुरडा पार्टी घ्या. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजायची, हातावर चोळायची, गरम असतानाच खायची. सोबत शेंगा चटणी, गूळ, दही. वर पाणी न पिता ताक प्या, जुने लोक हेच सांगतात आणि पोटालाही ते पटतं.

शेंगा चटणी विकत घेताना बघायचं ते इतकंच: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात कांडलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर होऊन तिचे गोळे धरतात. मिक्सरवर फिरवलेला भुगा कोरडाच राहतो. पाकीट बाहेरून दाबून बघा, भुरभुरीत लागलं तर ठेवून द्या.

आणि एक सक्त सूचना. मटण, ठेचा, लसूण यांच्यावर आत्ता तुटून पडू नका. तिखटाने बधिर झालेल्या जिभेला तीन तासांनी दिलेली वाइन नुसती आंबट लागते, आणि मग "काय त्यात एवढं" म्हणत लोक परततात. मटण रात्रीसाठी ठेवा.

७. अकलूजचा रस्ता

साडेबाराला निघा. पंढरपूरमार्गे अकलूज सुमारे ११५ किलोमीटर, अडीच तास धरा. एकादशीला पंढरपुरात अडकाल, त्या दिवशी मोहोळ-टेंभुर्णीवरून जा. वाटेत झोप काढा.

इथे बरेच जण म्हणतात, जाता जाता उजनीचे रोहितही बघू. नको. फ्लेमिंगो धरणाच्या फुगवट्यावर, करमाळा आणि भिगवणच्या बाजूला असतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की येतात आणि बघायचे तर होडीतून, सकाळीच. त्यासाठी वेगळा दिवस काढा आणि दुपारी तिथली तळलेली चिलापी मासळी खा.

अकलूज गाव गाठलं म्हणजे पोचलो, असंही धरू नका. "फ्राटेली"चे मळे आणि वायनरी माळशिरस तालुक्यात मोटेवाडीच्या शिवारात आहेत. नकाशावर नुसतं नाव टाकून गेलात तर उसाच्या फडात निघाल. बुकिंग करताना लोकेशन मागवून घ्या आणि उतरायच्या अर्धा तास आधी फोन करा.

८. मळा आणि पेला

भावांच्या तीन जोड्यांनी मिळून हे उभं केलं: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. या माळावर सांजोव्हेझे ही इटलीची द्राक्षं पिकतील, असं आधी कुणी सांगितलं असतं तर गावाने वेड्यात काढलं असतं.

आधी मळा बघा, टेस्टिंग नंतर. ओळी उभ्या तारांवर चढवलेल्या दिसतील, सकाळचा मांडव इथे नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून वर्षात दोन छाटण्या: उन्हाळ्यात खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते, मग पावसाळा सरताना फळछाटणी, तिच्यावर घड लागतात. त्यामुळे तिकडे सप्टेंबरात होणारी काढणी इथे जानेवारी ते मार्चमध्ये येते. रात्री थंडी आणि दुपारी ऊन, हे या दिवसांतलं हवामान घडाला मानवतं: साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. भुरी, डाऊनी अशी वेलीवरच्या बुरशीजन्य रोगांची नावं कानावर पडली तर लक्ष द्या. कोरडी हवा बागायतदाराला का हवी असते, त्याचं उत्तर त्यात आहे.

आत टाक्या आणि पिंपं. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून रस वेगळा करतात आणि थंड टाकीत आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबते. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून येतात. काही लाल वाइन पुढे ओकच्या लाकडी पिंपांत मुरते. दाखवणाऱ्याला प्रश्न विचारा. कंटाळलेला माणूसही प्रश्न आला की मनापासून सांगायला लागतो.

टेस्टिंगचा क्रम हलकं ते जड: आधी पांढरी, मग गुलाबी रोझे, शेवटी लाल. पेला दांडीला धरा, हाताच्या उबेने वाइन तापते. फिरवा, वास घ्या, छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तशी हिरड्यांवर ओढ जाणवली तर ते टॅनिन, म्हणजे सालीतला तुरटपणा. चव बिघडलेली नाही. प्रत्येक पेला संपवायचा नसतो. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कमीपणा नाही. सहा वाइन सरळ पिऊन टाकणाऱ्याला सातवी कळत नाही.

नवख्याने शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करावी. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्योंची "सेट्टे" ही तिथली मानाची लाल वाइन, ती शेवटी. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्या तिखट जेवणाला जड लाल वाइन जुळत नाही, अल्कोहोल आणि टॅनिन तिखट आणखी पेटवतात. थंड, किंचित गोडसर शेनिन शेंगा चटणीबरोबर मात्र झकास जाते. पिशवीतली चटणी काढायला लाजू नका, विचारून काढा.

शाकाहारी असाल तर वाइन निवळायला काय वापरलं ते विचारा. काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटिन वापरतात. आणि बरोबर न पिणारं कुणी असेल तर त्यांनाही मळ्याची फेरी आवडते. बुकिंग करताना त्यांचा दर वेगळा आहे का ते विचारा.

बाटल्या घेतल्यात तर बिल जपा. डिकीत टाकू नका, दुपारच्या उन्हात बंद गाडीत वाइन शिजते. एसी चालू असलेल्या भागात, आडवी ठेवा. सोलापुरी चादर घेतली असेल तर तीत गुंडाळा, फुटत नाही.

९. परतीचा प्रवास

चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला कायद्यापेक्षा धास्ती उसाची आहे. गाळप हंगामात, म्हणजे नेमकं तुम्ही याल त्या दिवसांत, रात्री या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाहेर आलेला. समोरून येणाऱ्याच्या लाईटमध्ये ते दिसतच नाहीत.

म्हणून सगळ्यात चांगलं म्हणजे वायनरीवर किंवा अकलूजमध्ये मुक्काम करून सकाळी इंदापूरमार्गे पुणे गाठणं. सोलापूरला परतायचंच असेल तर दिवस मावळायच्या आत मळा सोडा आणि साठच्या वर वेग नेऊ नका. शहरात पोचलात की सावजी खानावळ उघडी असते. दुपारी राखून ठेवलेलं सुक्कं मटण तेव्हा मागा, रस्सा जपून.

१०. वेळ कमी असेल तर

अर्धाच दिवस असेल तर वाइन सोडा, माळ सोडू नका. वाइन नाशिकलाही मिळेल. नान्नज आणि भाकरीचं जेवण उरकून दुपारच्या गाडीने परतता येतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर अकलूज दुसऱ्या दिवसावर टाका; पाच तासांची झोप आणि वर एवढा प्रवास त्यांना झेपत नाही. आणि पहाटे उठणं कुणालाच जमणार नसेल, तर दिवस उलटा फिरवता येतो: सकाळी शहर, दुपारी जेवण आणि आराम, चारला नान्नज. काळवीट संध्याकाळीही दिसतात, भोवत्या गवतात उतरताना तर संध्याकाळीच दिसतात. मात्र जाण्याआधी आत थांबायची शेवटची वेळ कुठली, ते फोनवर विचारून घ्या.